गाठ आणि गुठळी

आईचा डावा पाय एका रात्रीत सुजला. सकाळी चादर बाजूला केली तर मांडीपासून घोट्यापर्यंत फुगलेला, तकतकीत, हाताला गरम लागणारा. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. उजवा पाय मात्र काडीसारखा. शेजारच्या काकू तिळाचं तेल कोमट करून घेऊन आल्या. "वारं भरलंय, चोळून देते," म्हणाल्या. तेवढ्यात ताईचा फोन लागला. मी सांगत होते ते पुरतं ऐकूनही न घेता ती म्हणाली, "पाय कुणी चोळायचा नाही. तेल नाही, शेक नाही. आधी डॉप्लर."

डॉप्लर सोनोग्राफीत मांडीच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे अजून एक गाठ?" गाठ तिला ठाऊक होती. चार महिन्यांपूर्वी स्वादुपिंडात सापडलेली, यकृतापर्यंत पोचलेली. केमोचे दोन डोस घेऊन तिनंच "आता पुरे" म्हटलं होतं आणि आम्ही तिला घरी आणलं होतं. गाठ कॅन्सरची, गुठळी रक्ताची, असं मी तिला समजावलं खरं. पण दोन्हींचा एकमेकींशी संबंध काय, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

रात्री आई झोपल्यावर मामा आणि ताई स्वयंपाकघरात बसले. मामा आईचे धाकटे भाऊ, तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं सर्जन. ताई माझी मावसबहीण, पॅलिएटिव्ह केअरची डॉक्टर. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं, दम, उलट्या आटोक्यात ठेवणं हे तिचं रोजचं काम. मला वाटलं होतं, सर्जन माणूस, मामा म्हणतील सगळे उपचार करा. आणि ताई म्हणेल राहू दे. झालं उलटंच.

मामा : अक्काला आता टोचायचं नाही. दिवसातून दोनदा पोटावर सुई, आणि ती कशासाठी? दोन-तीन महिन्यांची पाहुणी आहे ती. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर गेली. झोपेत सुटेल. असं मरण लोक देवाकडे मागतात.

ताई : झोपेतच सुटेल कशावरून, मामा? मोठी गुठळी एकदम गेली तर माणूस काही मिनिटांत जातो, खरं आहे. पण पुष्कळदा तुकडे जातात. मग छातीत कळ येते, श्वास पुरत नाही, आडवं होता येत नाही. उशांना टेकून रात्रंदिवस बसून राहिलेले पेशंट मी पाहिलेत. ते मरण कुणी देवाकडे मागणार नाही.

मामा : त्यासाठी तुझं मॉर्फिन आहे की.

ताई : आहे, आणि लागलं तर देईनच. पण हे झालं उद्याचं. आजचा पाय बघा. मावशीला काय हवंय ते विचारलंत? मला म्हणाली, संडासला स्वतःच्या पायानं जाता यावं, भांडं लावायची वेळ येऊ नये. हा पाय घेऊन ती उभी राहू शकत नाही. सुई आयुष्य वाढवायला देतच नाही मी. पाय उतरावा म्हणून देते.

मामा : कॅन्सरमध्ये गुठळी म्हणजे काय ते मला सांगू नकोस. ट्रूसो या फ्रेंच डॉक्टरची गोष्ट आम्हाला पहिल्या वर्षात सांगायचे. १८६५ साली पॅरिसमध्ये त्यानं व्याख्यानात मांडलं, की काही कारण नसताना शिरांत गुठळ्या होत असतील तर आत कुठेतरी कॅन्सर दडलेला असू शकतो. दोन वर्षांनी त्याच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली. काय ते तो समजला, विद्यार्थ्याला सांगूनही टाकलं. त्याच साली जठराच्या कॅन्सरनं गेला. गुठळी ही चिठ्ठी असते. आली की आवराआवर करायची.

ताई : चिठ्ठी आहे हे मान्य. पण ट्रूसोच्या हातात हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी ही सुई, नव्हती. माझ्या हातात ती आहे.

मध्येच मी विचारलं, की मुळात हे होतंच का. ताईनं चहाचा कप बाजूला सारून सांगितलं. कॅन्सरच्या पेशी रक्त गोठवणारे पदार्थ स्वतःच बाहेर टाकतात. स्वादुपिंडाचा आणि जठराचा कॅन्सर त्यात सगळ्यात पुढे. माणूस अंथरुणाला खिळला की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलेनासे होतात. वाढलेली गाठ शिरेवर दाब देते. केमोनं शिरांचं आतलं अस्तर दुखावतं. आईच्या बाबतीत यातलं जवळजवळ सगळंच होतं. म्हणजे गुठळी ही गाठीचीच करणी.

मामा : आणि रक्तस्रावाचं काय? मी आयुष्यभर रक्त पातळ करायला वॉरफरिनच्या गोळ्या दिल्यात. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं त्याचं माप, वर गेलेला, नाकातोंडातून रक्त येणारा माणूस बैलगाडीतून आणलेला पाहिलाय. अक्काला रक्ताची उलटी झाली तर या पोरीला ते बघावं लागेल. मरण वेगळं आणि तसं मरण वेगळं.

ताई : भीती खोटी नाही. फ्रान्समध्ये २२ पॅलिएटिव्ह केंद्रांतल्या सुमारे १,२०० कॅन्सर रुग्णांवर तीन महिने नजर ठेवली. दहांतल्या जवळजवळ एकाला दखल घ्यावी असा रक्तस्राव झाला. २०१७ मध्ये छापून आलंय. आणि ते सगळे काही रक्त पातळ करणाऱ्या औषधावर नव्हते. हा आजार रक्त गोठवतोही आणि वाहवतोही. पण वॉरफरिन मीही देणार नाही. २००३ साली क्लॉट नावाची चाचणी झाली. ६७२ कॅन्सर रुग्ण, अर्ध्यांना त्या जातीच्या गोळ्या, अर्ध्यांना हेपॅरिनची रोजची सुई. सहा महिन्यांत गोळीवाल्यांपैकी १७ टक्क्यांना पुन्हा गुठळी झाली, सुईवाल्यांपैकी ९ टक्क्यांना. शिवाय उलटी झाली, जेवण कमी झालं, पालक-मेथी जास्त खाल्ली, की वॉरफरिनचं गणित चुकतं. दर आठवड्याला आयएनआर तपासायला मावशीला कोण नेणार? एसटीनं?

मामा : मग त्या नव्या गोळ्या दे. अपिक्साबॅन वगैरे. टोचाटोची तरी नाही.

ताई : चालत्याफिरत्या, जेवणाऱ्या पेशंटला मी आज गोळीच देते. २०२० च्या काराव्हाजिओ चाचणीत १,१५५ रुग्ण होते. गोळीवाल्यांत पुन्हा गुठळी ५.६ टक्क्यांना, सुईवाल्यांत ७.९. मोठा रक्तस्राव दोन्हीकडे चार टक्क्यांच्या आसपास. पण मावशी पेजेचे चार चमचे घेते, त्यातले दोन उलटून पडतात. गोळी पोटात राहिली की नाही ते कसं कळणार?

मामा : बरं, एक सांग. तुझ्या या चाचण्यांमधले पेशंट अक्कासारखे होते का?

ताई काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "नाही. काराव्हाजिओत अंथरुणाला खिळलेली माणसं घेतलीच नव्हती, सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरलेली माणसंही नाहीत. मावशीसारख्यांसाठी माझ्याकडे अनुभव आहे आणि अंदाज आहे."

त्या रात्रीच्या सगळ्या बोलण्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. आकडे तोंडपाठ असलेली डॉक्टर आकडे कुठे संपतात ते सांगत होती. मामांचाही आवाज तिथून खाली आला. ते असं का बोलत होते, तेही मला कळत होतं. टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह केअरचं एमडी सुरू झालं ते २०१२ मध्ये. वांद्र्याचं शांती आवेदना सदन, देशातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ चं. मामा शिकले तेव्हा बरं न होणाऱ्या रुग्णाला "घरी घेऊन जा" एवढंच सांगायची रीत होती. म्हणून काही न करणं हीच दया, असं त्यांच्या पिढीला मनापासून वाटतं. त्यांचा दोष नाही.

मामा : म्हणजे आता घरोघर डॉप्लर घेऊन फिरणार का तू?

ताई : मुळीच नाही. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या पॅलिएटिव्ह केंद्रांत भरती होणाऱ्या कॅन्सर रुग्णांच्या मांडीच्या शिरा तपासून पाहिल्या, २०१९ चा अभ्यास. ज्यांची तपासणी पुरी झाली अशा २७३ पैकी ९२ जणांना गुठळी होती. तिघांत एक! पण गुठळी असलेले आणि नसलेले, किती दिवस जगले यात फरक पडला नाही. म्हणून जी गुठळी त्रास देत नाही ती मी शोधायला जात नाही. होऊ नये म्हणून सुया सुरू करत नाही. जी माणसाला उठू देत नाही तिच्यावर मात्र उपचार करते.

आणखी एक गोष्ट उरली होती. हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनवतात, आणि आई माळकरी. मामा म्हणाले, कशाला सांगायचं, तिला काय कळणार आहे. ताई मात्र सांगायचंच म्हणाली. कृत्रिम पर्याय आहे, फोंडापॅरिनक्स. पण आमच्या गावातल्या दुकानांत त्या आठवड्यात मिळेना. सकाळी ताईनं आईच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. आई गळ्यातल्या माळेशी चाळा करत बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वरून टोचणार ना? मी खात तर नाही ते." आणि पदर बाजूला केला.

सुई टोचायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी आठ, रात्री आठ. औषध भरूनच आलेली बारीक सिरिंज, आत एक बुडबुडा. जन्मभराच्या सवयीनं मामा तो काढायला गेले, तर ताईनं हात धरला, "तो राहू द्या. शेवटचा थेंब तोच आत ढकलतो." बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, चिमटीत कातडीची घडी धरायची, सुई सरळ उभी घालायची, औषध हळू सोडायचं, नंतर चोळायचं नाही. आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. आईचं वजन एक्केचाळीस किलो, म्हणून चाळीस मिलिग्रॅम. फाइलच्या पहिल्याच पानावर ताईनं लिहिलं : सुई कशासाठी, पायाची सूज आणि दुखणं. दर दोन आठवड्यांनी पुन्हा विचार करायचा. थांबवायची केव्हा, रक्तस्राव झाला तर, टोचण्याचाच त्रास जास्त वाटू लागला तर, शेवटचे दिवस आले तर.

दहाएक दिवसांत पाय उतरू लागला. पुरता नाही, पण आई भिंतीला धरून संडासपर्यंत जाऊ लागली. एकदा ओट्यावर येऊन तासभर बसली, हरिपाठ म्हणाली, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस केली. त्या तासाभरासाठी मी ताईची आयुष्यभर ऋणी राहीन.

सातव्या आठवड्यात ते दोघं पुन्हा त्याच टेबलाशी बसले. आता आई वीस-वीस तास झोपून असायची. पोटावर बांगडीएवढे डाग, काही काळेनिळे, काही पिवळे पडलेले. चिमटीत धरायला मांस उरलं नव्हतं. ओल्या गॉजनं तोंड पुसताना हिरड्यांतून रक्त यायचं. ताई म्हणाली, आज रात्रीपासून सुई बंद करू.

मामा : बंद? तूच सुरू केलीस ना? सात आठवडे या सुईनं राखण केली तिची. आज थांबवली आणि परवा तिला दम लागला, तर मी मरेपर्यंत म्हणत राहीन, माझ्यामुळे झालं.

ताई : सुई थांबवली म्हणून गुठळी त्या क्षणी धावत सुटत नाही, मामा. सात आठवड्यांची जुनी गुठळी शिरेला धरून बसलेली असते. नवी व्हायला वेळ लागतो, आणि मावशीपाशी तेवढा वेळ नाही.

मामा : पण पाय पुन्हा सुजलाय!

ताई : दोन्ही सुजलेत. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलं की अशी सूज येते, तिला सुईचा उपयोग नाही. आणि कालपासून लघवी किती झालीय? जेमतेम वाटीभर. हे औषध मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. मूत्रपिंडं थकली की अंगात साचत जातं. तोच डोस आता तिला रोज थोडा जास्त होतोय. हिरड्या तेच सांगताहेत.

मामा : प्लेटलेट बघू या. पन्नास हजारांच्या खाली असतील तर डोस अर्धा करू, पंचवीसच्या खाली गेल्या तर बंद. त्याला आधार तरी राहील.

ताई : त्यासाठी तिची शीर शोधायची? परवा तीनदा टोचूनही मिळाली नव्हती. आणि समजा आकडा चांगला आला. मग चालू ठेवणार?

मामांनी उत्तर दिलं नाही. आधी "टोचू नका" म्हणणारा माणूस आता "थांबवू नका" म्हणत होता, आणि मला त्यात विसंगती वाटली नाही. रोज दोन वेळा बहिणीसाठी हातानं काहीतरी करता येत होतं, ते काढून घेतलं जात होतं. चालू औषध बंद करणं म्हणजे हात झटकणं, असं आपल्या घरांत मानतात. डॉक्टरांचंही तेच होतं. शेवटच्या आठवड्यातसुद्धा केसपेपरवर जुन्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा उतरवली जाते, कारण ती खोडायला कुणाचा हात धजत नाही. ताईनं सांगितलं, युरोपात २०२२ पासून सेरेनिटी नावाचा एक मोठा प्रकल्प नेमक्या याच प्रश्नावर चालला आहे, की कॅन्सरच्या रुग्णाची ही औषधं आयुष्याच्या शेवटी केव्हा थांबवायची. म्हणजे अडणारे आम्ही एकटे नव्हतो.

मामा : आणि दम लागलाच तर?

ताईनं पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. मॉर्फिन, मिडाझोलॅम, किती आणि कसं द्यायचं ते मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद, तिचा नंबर. (अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, त्याआधी मॉर्फिनसाठी परवान्यांची रांग असे. आजही पुष्कळ जिल्ह्यांत ते मिळत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.) सोबत मरून रंगाचे दोन टॉवेल. पांढऱ्यावर रक्त फार भयानक दिसतं, थोडं असलं तरी. रक्तस्राव झाला तर हे जवळ असू द्या, तिचा हात धरून बसा, असं म्हणाली. मी ते टॉवेल आईच्या खाटेखाली ठेवले.

मग तिनं फाइल उघडून मामांपुढे धरली. चौथ्या आठवड्यात, आई अजून नीट बोलत होती तेव्हा, ताईनं तिला एकटीला विचारलं होतं, की सुई कुठवर चालू ठेवायची. आईचं उत्तर तिनं आईच्याच शब्दांत लिहून ठेवलं होतं : "मला झोप लागायला लागली की टोचू नका. अण्णाला सांग, त्यानं पुष्कळ केलं."

मामांना घरात अण्णा म्हणणारी एकटी आईच. त्यांनी चष्मा काढून पुसला, पान पुन्हा वाचलं आणि आठ वाजून गेले तरी जागचे उठले नाहीत.

सहाव्या दिवशी पहाटे आई गेली. श्वास लांबत लांबत थांबला. दम लागला नाही, टॉवेल वापरावे लागले नाहीत. सुई थांबवली म्हणून ती शांतपणे गेली, असा दावा मी करणार नाही. दम लागला असता, रक्त आलं असतं, तरीही माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबरच होते : पहिल्या रात्री सुरू करण्याचा आणि सातव्या आठवड्यात थांबवण्याचा. पहिल्या रात्री मामांचं ऐकलं असतं तर तो ओट्यावरचा तास आईला मिळाला नसता. दुसऱ्या रात्री ऐकलं असतं तर शेवटचे सहा दिवस रोज दोनदा तिची झोप मोडून आम्ही तिला टोचत राहिलो असतो.

तुमच्या घरात कॅन्सरच्या माणसाला अशी सुई सुरू होत असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. ही कोणत्या त्रासासाठी? आणि काय दिसलं की थांबवायची? उत्तरं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. आणि तिसरं, ज्याला टोचणार त्याला विचारा, तो बोलतोय तोवर. आम्ही चौथ्या आठवड्यात विचारलं. सहाव्यात आईनं बोलणं सोडलं होतं.